लाल रेघा

दर्यापूरच्या पुढं अकरा किलोमीटर, फाट्यावर उतरून चालत,
अढाऊ गुरुजींचं घर. गुरुजी नाहीत ते, पोस्टात होते,
पण चष्म्यामुळं सगळे गुरुजीच म्हणतात.
माझ्या पिशवीत फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा अर्ध्या इंची ब्रश,
पोरीच्या कंपासमधलं खोडरबर
आणि चिंधीत गुंडाळलेले चार पेनड्राइव्ह.

तक्रार फोनवरच कळली होती:
"मशीन रोज सकाळी बयताडावानी करते.
म्हन्ते, आज एक जानेवारी, दोन हजार तीन.
बँकेचं पान उघडत नाही. म्हन्ते, भरवसा नाही."

मी हसले नाही.
घड्याळ मागं पडलं की जग दार लावून घेतं.
बोर्डावर एक गोल सेल असतो, नाण्याएवढा,
लाइट गेली तरी एकटा तारीख धरून बसतो,
आणि आमच्याकडं लाइट किती जाते ते काय सांगू.
तीस रुपयांचा सेल बसवला. वीस वर्षं परत आली.

झाकणाआड पंख्याला कापूस गुंडाळलेला,
ब्रशनं सोडवत गेले तर वात वळता येईल एवढा.
कौसल्याकाकूंनी खरंच वळली, देवळीत लावली.
रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले.
तीनदा पिंपिं करून मरायची मशीन
एकाच पिंपला उठली.

उठली, पण रांगत. आत तीन अँटिव्हायरस,
तिघांची मुदत संपलेली, तिघं रोज पैसे मागणारे.
"सगळं काढून दुसरं टाकते," म्हटलं. "फुकट आहे."
गुरुजींनी चष्मा काढला.
"फुकट काहून देते कोनी?"

मी परसाकडं पाहिलं. ही वांगी पाकिटातली का?
"नाही. इहिनीनं बी देल्लं. तिले तिच्या मायनं."
आणि तुम्ही?
"मांगन त्याले देतो. मूठभर ठेवतो."
हे तसंच, म्हटलं.
"अन् किडकं निघालं तं?"
तर ज्याला दिसेल तो ओरडेल, ज्याला येतं तो निवडेल.
थोडा वेळ गेला.
"टाक मंग."

त्याआधी त्यांची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, एकच होती.
लिनक्स बसेपर्यंत दोन चहा झाले.
मग फाईल उघडली, तर नुसतं कुटार:
डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं.
नव्या घरात जुना फॉन्ट आला नव्हता,
आणि तो विकणारं दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं.
अकरा वर्षांचं लिहिणं.
काकू आतून म्हणाल्या, "मी म्हन्तच होती, वहीत लिहा."

त्यालाही उतारा असतो, तोही फुकट.
नेटची एकच काडी, बंडीच्या चालीनं उतरला.
कुटार ओतलं, बटन दाबलं
आणि अक्षरं जागच्या जागी उठून बसली:
उलीसा. पऱ्हाटी. धुरा. गंज. बयताड.
दोन-चार वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या होत्या,
त्या हातानं आणल्या.
दोन हजार सातशे बारा शब्द, गावात बोलले जातात तसे.

आणि लगेच, ओळीमागून ओळ, खाली लाल रेघा.

गुरुजी पोस्टातल्यासारखे ताठ बसले.
"येवढं चुकलं माह्यं?"
चुकलं नाही. मशीनला हे कोणी सांगितलंच नाही.
शब्दावर जा, उजवं बटन दाबा,
खाली लिहिलंय, शब्दकोशात जोडा.
पहिला त्यांनी जोडला. रेघ गेली.
दुसरा. मग मी आहे हे विसरले.

दीडशे सांगितले, दोनशे दिले,
वर कागदाच्या पुडीत वांग्याचं बी.
फाट्यावर पोचले तोच फोन:
"केयं जोडू का केळं?"

दोन्ही, म्हटलं.
एसटी आली होती.